वि. स. पागे: खातं हाती नसताना कामाची हमी कशी उभी राहिली?

दप्तरदार (धागाकर्ता)

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात विठ्ठल सखाराम पागे एका ओळीपुरते येतात: रोजगार हमी योजनेचे जनक. ओळ पाठ होते, एक मार्क पडतो, विषय मिटतो. पण त्या ओळीत एक गाठ आहे. पागे १९६० ते १९७८ अशी तब्बल १८ वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. योजना सुचली, तासून निघाली, कायदा झाला, तो सगळा काळ याच खुर्चीतला. सभापतीकडे ना खातं, ना सचिव, ना अंदाजपत्रकातलं शीर्ष. चर्चेत भाग घेता येत नाही आणि मत द्यायचं तेही समसमान पडली तरच. मग जिल्हाधिकाऱ्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना कामाला लावणारी योजना या माणसाने उभी केली कशी?

आधी सनावळी मांडतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात प्रयोग झाला. जुन्या कागदांत त्याला 'पागे योजना' असंही म्हटलेलं सापडतं. १९७२ साली योजना राज्यभर लागू करायचं ठरलं आणि त्याच वर्षी पाऊस गेला. दुष्काळी कामांनी सगळी यंत्रणा व्यापून टाकली. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा मार्गी लागली. तिच्या पैशासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

आता या तारखांसमोर मुख्यमंत्री लिहा. दुष्काळात वसंतराव नाईक. कर सुरू झाला तेव्हा शंकरराव चव्हाण. विधेयक मंजूर झालं तेव्हा वसंतदादा पाटील. अंमल सुरू झाला तेव्हा पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल) शरद पवार. म्हणजे चार मुख्यमंत्री, मध्ये आणीबाणी, काँग्रेसची फाटाफूट. एवढ्या उलथापालथीत साधारणपणे आधीच्याची योजना पुढचा गुंडाळून ठेवतो. ही टिकली. आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला तेव्हा पागे सभापतिपदावर नव्हतेही. १९७८ मध्येच रा. सू. गवई त्या खुर्चीवर आले होते.

जाणकारांनी भर घालावी. पुतळे आणि जयंत्या कृपया नकोत.

कोरडवाहू

चांगला धागा. एक पुरवणी. पागे शून्यातून काही घडवत होते असं समजू नये. दुष्काळात सरकारने काम काढायचं, ही रीत इंग्रजी अमदानीतल्या फॅमिन कोडपासूनची, म्हणजे दुष्काळ निवारणाच्या नियमावलीपासूनची. आधी 'टेस्ट वर्क' काढायचं, म्हणजे मुद्दाम कमी मजुरीचं कष्टाचं काम. त्यावर माणसं आली तर टंचाई खरी, नाही आली तर नाही. माणूस किती उपाशी आहे हे तो किती कमी पैशात खडी फोडतो त्यावरून ठरवायचं!

१९७२-७३ मध्ये तीच यंत्रणा प्रचंड प्रमाणात चालली. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सुकडी (वाटलेला पौष्टिक आहार) आणि लाल मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी) हे दोन शब्द लगेच निघतात.

पागेंच्या योजनेचा वेगळेपणा दोन ठिकाणी आहे. एक, काम मिळायला दुष्काळ जाहीर व्हावा लागत नाही. सरकारने टंचाई जाहीर करो न करो, मागणाऱ्याला काम. दोन, काम उत्पादक हवं: पाझर तलाव, नालाबांध, समपातळीचे बांध, पाटाची कामं. खडीचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहतात, त्यातून पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या विहिरीला पाणी येत नाही. तासगाव हा अवर्षणाचा टापू. तिथे प्रयोग करणाऱ्याला हे वेगळं शिकवायची गरज नव्हती.

टाचणी

धागाकर्त्याच्या प्रश्नाला थेट भिडू. सभापतीला काही अधिकार नसतात हे अर्धसत्य आहे. सभागृहात तो गप्प असतो, सभागृहाबाहेर त्याच्याइतका ऐकला जाणारा माणूस क्वचित. तो कुणाच्या खुर्चीवर डोळा ठेवून नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. विरोधकही त्याच्या दालनात चहाला जातात. मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं तर ते अवर सचिवाच्या टेबलावर धूळ खात पडत नाही.

शिवाय परिषदेची घडण पहा. ७८ जागा: ३० विधानसभा सदस्यांनी निवडून दिलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. त्यातले २२ जण जिल्हा परिषदा नि नगरपालिकांच्या मतांवर येतात. गावपातळीवर काम कुठे अडतं, हे त्यांच्याकडून रोज कानावर येणारच.

तरी योजना परिषदेच्या बळावर झाली असं कुणी म्हणू नये. परिषद साधं विधेयक पहिल्या खेपेला ३ महिने आणि दुसऱ्या खेपेला १ महिना रोखू शकते, धन विधेयक फार तर १४ दिवस. जोर होता तो सर्वपक्षीय संमतीचा. कायदा एकमताने झाला, आणि ते एकमत जमवायला कुठल्याच गटाला न खुपणारा माणूस लागत होता.

आडवाट

एकमताचं कौतुक जरा आवरतं घ्या. एकमत का झालं? बागायतदाराला त्यात पाझर तलाव दिसला, म्हणजे त्याच्या विहिरीला फुकटात पाणी. गावच्या पुढाऱ्याला रस्ता दिसला. शहरातल्या चाकरमान्याला कर दिसला, पण त्याच्या बाजूने ओरडणारं त्या सभागृहात होतं कोण? मजुराला मजुरी मिळाली हे खरंच, पण बांधलेली मालमत्ता उरली जमीनवाल्याकडे. भूमिहीनाच्या नावावर ना तलाव, ना बांध.

दप्तरदार

@आडवाट, हा आक्षेप जुना आणि रास्त आहे. पण यातच मला पागेंची राजकीय अक्कल दिसते. निव्वळ मजुरांच्या भल्याची योजना १९७७ च्या सभागृहात एकमताने गेली असती का? ज्यांच्या हातात मतं होती त्यांनाही काहीतरी मिळेल, अशी तिची बांधणी होती. हे दोष म्हणून नोंदवा हवं तर, पण 'कशी टिकली' याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं पैशात आहे. त्यावर कुणी लिहील का?

पगारपत्रक

लिहितो. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या कुणीही आपली पगाराची स्लिप काढावी. बहुतेकांना दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल आणि फेब्रुवारीत ३००. हे ३०० का, असा प्रश्न दरवर्षी मार्चमध्ये नव्या पोरांकडून येतो. उत्तर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २७६ प्रमाणे राज्याला एका माणसाकडून वर्षाला २५०० पेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. २०० गुणिले ११ म्हणजे २२००, अधिक ३००, झाले २५००. कमाल मर्यादा बरोबर गाठायची म्हणून फेब्रुवारीचा हा जोड.

१९७५ मध्ये हीच मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती दहापट झाली. त्यानंतर मात्र जागची हललेली नाही. पगार कुठे गेले आणि कर कुठे राहिला, तुम्हीच पहा. मधल्या काळात सूट वाढली: एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या महिलांना हा कर नाही.

नव्याने धंदा काढणाऱ्यांसाठी: नोंदण्या दोन असतात. पीटीईसी म्हणजे स्वतःचा कर भरायला, पीटीआरसी म्हणजे नोकरांच्या पगारातून कापलेला भरायला. कंपनीने दोन्ही काढायच्या. बरेच जण पहिली काढून गप्प बसतात आणि मग दंड भरतात.

या कराबरोबर रोजगार हमीसाठी इतर करांवर अधिभारही बसवले होते, आणि जितकं जमा होईल तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले पैसे माणदेशातल्या बांधावर जाण्याची ही थेट सोय होती. 'योजना चांगली आहे, पण तरतूद नाही' हे सरकारी वाक्य आधीच बाद करून टाकलं. ज्याने हे सुचवलं त्याला मंत्रालय आतून कळलेलं होतं.

टाचणी

फक्त एक टाचणी. निधी वेगळा असतो कागदावर. कर गोळा होतो राज्याच्या एकत्रित निधीत, तिथून रोजगार हमीच्या खात्यात वर्ग करावा लागतो. तो पूर्ण वर्ग होत नाही ही तक्रार योजनेइतकीच जुनी. खात्यावर शिल्लक दिसते, तालुक्याला मात्र पैसे पोचत नाहीत.

मोजपट्टी

कायदा, कर सगळं झालं. आता जिथे मजुराचा घास अडतो तिथे या: मापावर.

रोजगार हमीची मजुरी दिवसावर नव्हती, कामावर होती. टोळी जितकी माती खणेल तितके पैसे. बाई-पुरुष दर एकच. मोजायचं ब्रासमध्ये, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे एक ब्रास.

समजा दहा जणांच्या टोळीने आठवड्यात ४० फूट × ३५ फूट × ३ फूट एवढं खोदलं. ४२०० घनफूट, म्हणजे ४२ ब्रास. आता मोजणाऱ्याने खोली ३ च्या ऐवजी अडीच धरली, तर होतात ३५ ब्रास. लांबी-रुंदीवर वाद होत नाही, टेप सगळ्यांना दिसते. खोलीत अर्धा फूट इकडेतिकडे झाला की सहावा हिस्सा मजुरी गेली. दहा जणांनी सहा दिवस राबायचं आणि त्यातला एक दिवस फुकट.

म्हणून खड्ड्यात मध्येमध्ये मातीचे खुंट न खणता तसेच सोडतात. मूळ जमीन कुठवर होती हे त्या खुंटाच्या माथ्यावरून कळतं. माप घेण्याआधी ते खुंट पाडले, किंवा पावसाने ढासळले, तर खोलीचा पुरावा संपला. मग मोजणारा म्हणेल ती खोली. जुने मुकादम खुंटाच्या माथ्यावर गवताची चकती तशीच ठेवायला सांगतात, कारण वर माती टाकून खुंट खोटाच उंच केला नाही हे त्या गवतावरून दिसतं. ही तपासणी दोन्ही बाजूंच्या लबाडीला लागू पडते.

दुसरी गफलत मातीच्या जातीची. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. वरचा फूटभर मऊ आणि खाली कठीण मुरूम लागला, तर दोन थरांची दोन मापं लिहायला हवीत. आळसाने सगळंच मऊत लिहिलं जातं.

तिसरी लीड आणि लिफ्टची. माती किती लांब वाहिली आणि किती उंच चढवली, याचे पैसे वेगळे. घमेलं डोक्यावर घेऊन बांध चढणारी बहुतेक बाईमाणसं. लीड-लिफ्ट मोजमाप पुस्तिकेत चढलीच नाही तर बुडते ती त्यांची मेहनत. दर समान असून हाती कमी का येतं, याचं हे एक कारण. दुसरं, पगार वाटताना जोडप्याचे पैसे नवऱ्याच्या हातात पडतात.

कोरडवाहू

मोजपट्टी, मस्त. वाचनखूण साठवली.

यात उशीर जोडा. माप दर आठवड्याला व्हायला पाहिजे. शाखा अभियंत्याकडे कामं जास्त, तो येतो तीन आठवड्यांनी. तोवर पुढची माती मागच्या खड्ड्यात पडलेली. मग तो हजेरीपटावरचे दिवस बघून उलटा हिशेब लावतो: एवढे मजूर, एवढे दिवस, म्हणजे एवढे ब्रास. आणि बोगस मस्टरला दार इथूनच उघडतं, कारण जमिनीवरचं माप कागदाला बांधलेलं राहत नाही.

नवखा_वाचक

काम मिळायची हमी म्हणजे प्रत्यक्षात काय? पंचायतीत जाऊन 'काम द्या' म्हटलं की झालं?

मोजपट्टी

@नवखा_वाचक, तोंडी म्हटलं तर काहीच झालं नाही. सगळा कायदा एका तारखेवर उभा आहे.

मूळ योजनेत आधी नाव नोंदवायचं, मग लेखी मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम. नाही मिळालं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान १ रुपया. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात (मनरेगा) यातलं बरंच जसंच्या तसं आलं. मनरेगात आपल्याकडे मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४ आणि त्याची पोच म्हणजे नमुना ५. भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव पट, पुढे किमान निम्मा.

बिघडतं कुठे? ग्रामसेवक अर्ज घेतो, पोच देत नाही. 'काम निघालं की सांगतो, मग तारीख टाकू' म्हणतो. तारीख नाही तर पंधरा दिवस कधीपासून मोजणार? भत्त्याचा हक्क तिथेच मेला. अर्जावर काम किती दिवस हवं आणि कधीपासून, हे कोरं सोडू नये. मागणी एकेकट्याने न करता एकत्र करावी. जुन्या नियमात नवं काम काढायला किमान ५० मजूर लागत, त्यामुळे पाचसात जणांच्या अर्जाचा उपयोग तालुक्यात दुसरीकडे काम चालू असेल तरच. आणि बोलावल्यावर कामावर गेलं नाही, तर भत्त्याचा हक्क ३ महिने जातो, हेही लक्षात असू द्या.

आडवाट

एक रुपया भत्ता! आणि तोही कुणाला मिळाल्याचं क्वचितच ऐकिवात आहे.

टाचणी

भत्त्याची रक्कम किरकोळ होती, मान्य. पण एक रुपया द्यायचा म्हणजे 'मी १५ दिवसांत काम देऊ शकलो नाही' हे तहसीलदाराने लेखी कबूल करायचं. त्या कबुलीला सगळे घाबरत. म्हणूनच पोच द्यायची टाळाटाळ. हमीला कायद्याचं रूप देण्याचा आग्रह का होता, ते इथे कळतं. शासननिर्णय एका सहीने बदलतो. कायदा बदलायचा तर दोन्ही सभागृहांत यावं लागतं आणि का बदलता ते सांगावं लागतं. अठरा वर्षं विधिमंडळाचं कामकाज चालवलेल्या माणसाला हा फरक दुसऱ्या कुणी समजावायची गरज नव्हती.

याच विचाराची दुसरी खूण म्हणजे विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती. दोन्ही सभागृहांचे सदस्य, सगळ्या पक्षांचे. समिती जिल्ह्यात दौरा काढते म्हटल्यावर महिनाभर आधी मोजमाप पुस्तिका अद्ययावत होऊ लागतात. अशी समिती फार थोड्या योजनांच्या वाट्याला आली आहे.

कोरडवाहू

उतरणीबद्दलही बोलू. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि दर जवळपास दुप्पट झाले. मजुराचा फायदा व्हायला हवा होता. झालं असं की पैसा तेवढाच राहिला, त्यामुळे कामंच कमी निघू लागली. हमी कायद्यात शाबूत, पण मागणाऱ्याला 'शेल्फवर काम नाही' हे उत्तर. शेल्फ म्हणजे मंजुरी नि अंदाजपत्रक करून तयार ठेवलेल्या कामांची यादी. मजुराला नकार देता येत नाही, पण यादीच रिकामी ठेवता येते. ही पळवाट कायदा लिहिणाऱ्यांना बंद करता आली नाही.

१९९० पासून फळबाग लागवडही रोजगार हमी योजनेला जोडली. कोकणात आंबा-काजू, सांगोल्याकडे डाळिंब, कोरड्या माळावर बोर नि सीताफळ. शेती खात्याच्या दृष्टीने यश मोठं. पण @आडवाट यांच्या मुद्द्याला यातून बळच मिळतं, बाग लावायला आधी जमीन लागते.

दप्तरदार

फळबागेवर स्वतंत्र धागा काढा, इथे विषय फाटेल.

पागेंकडे परत येतो. @टाचणी यांचा कायद्याचा मुद्दा आणि @पगारपत्रक यांचा कराचा मुद्दा एकत्र ठेवले की माझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी लागतं. खातं असलेला मंत्री योजना खात्यातून चालवतो, खातं गेलं की योजना पुढच्याच्या मर्जीवर. पागेंना ती वाट मोकळीच नव्हती. त्यामुळे त्यांचा भर राहिला तो कोण मंत्री आहे यावर न अवलंबणाऱ्या गोष्टींवर: कायदा, वेगळा निधी, मजुराच्या हातातली तारखेची पोच. त्यांची अडचणच योजनेला उपयोगी पडली, असं माझं मत.

आडवाट

मत म्हणून ठीक. पण नाईकांचं श्रेय पुसू नका. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असा सलग मुख्यमंत्री होता म्हणून प्रयोगाला वेळ मिळाला. दर दोन वर्षांनी मुख्यमंत्री बदलला असता तर विसापूरची फाइल विसापुरातच राहिली असती.

दप्तरदार

हे मान्य. धाग्यात भर घालतो.

नवखा_वाचक

@मोजपट्टी, ग्रामसेवकाने पोच दिलीच नाही तर?

मोजपट्टी

अर्ज दोन प्रतींत करायचा, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागायचा. नाहीच दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ग्रामपंचायतीला आणि प्रत तहसीलदाराला. टपालाची पावती जपून ठेवा, पुढच्या भांडणात तारखेचा पुरावा तीच. मजूर जास्त असतील तर एका अर्जाखाली सह्यांची रांग लावू नका. प्रत्येकाचा जॉबकार्ड क्रमांक घालून वेगवेगळे अर्ज, टपाल एक चालेल.